वीतभर जुना पाइप

मिस्त्रींना पेट्रोलची भीती वाटायची. चाळीस वर्षं पेट्रोलच्याच गाड्या दुरुस्त केल्या, हात घासून धुऊन जेवायला बसले तरी बोटांना तोच वास असायचा, पण भीती काही गेली नाही. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी होती. उस्ताद त्याबद्दल कधी बोलला नाही आणि मिस्त्रींनी कधी विचारलं नाही. पण पाना देता-घेताना ते हात रोज समोर यायचे, आणि त्या वयात जे रोज समोर येतं ते आत जाऊन बसतं.

घरामागच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, त्यात वाळूच्या तीन बादल्या आणि एक पोतं, जे ते सकाळी भिजवायचे आणि दुपारी पुन्हा भिजवायचे. दिव्याचं बटण त्यांनी दाराबाहेर बसवून घेतलं होतं. बायको म्हणायची, "घरात गॅस मी पेटवते, तर हे दोन पावलं मागे सरकतात. आणि लोक आम्हाला आगीशी खेळणारे समजतात."

लोक त्यांना फुंकरवाले म्हणत. कार्बुरेटर उघडला की त्यातले पितळी जेट ते तोंडाने फुंकायचे, मग एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचे आणि केसाएवढ्या भोकातून पलीकडचं आकाश दिसलं की मगच परत बसवायचे. भित्रा माणूस कामात चोख असतो असं काही नाही, पण मिस्त्रींच्या बाबतीत तसं झालं होतं. त्यांची भीतीच त्यांच्यावर लक्ष ठेवायची.

त्यांची एक सवय तर शेजारपाजारच्या गॅरेजवाल्यांना पाठ होती. पेट्रोलचा जुना रबरी पाइप काढला की ते तो लगेच मधोमध कापायचे आणि दोन्ही तुकडे एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. जुना पाइप अख्खा राहिला तर कोणाचा तरी हात चुकून त्याच्याकडे जाईल, ही धास्ती. आणि गाडी मालकाला देण्याआधी डब्यातले तुकडे मोजायचे. पाच पाइप बदलले तर दहा तुकडे. दहाचे नऊ भरले तरी गाडी दारातून हलायची नाही.

अशा माणसाने साठी उलटल्यावर जुन्या गाडीचा कार्बुरेटर काढून तिथे पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन बसवायला घेतलं, तेही भीतीपोटीच.

गाडी सुनेची. म्हणजे गाडी दवाखान्याची, पण चालवायची सून. ती परिचारिका होती. मुलगा नोकरीनिमित्त लांब असायचा, आणि ही त्या आठ जणांच्या जुन्या व्हॅनमधून आठवड्यातून दोनदा घाट चढून वरच्या वस्त्यांवर जायची. औषधं वर न्यायची, आजारी माणसं खाली आणायची, बरी झालेली परत सोडायची. एका संध्याकाळी जेवताना तिने सहज सांगितलं, "बाबा, त्या सातव्या वळणावर आज गाडी बंदच पडली हो. हातभर मागे पण सरकली. मी उतरून चाकामागे दगड लावला."

"गाडीत कोण होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक बाळंतीण. ती म्हणाली, ताई, मी उतरून ढकलू का?"

सून आणि सासू दोघी खूप हसल्या. मिस्त्रींचा घास तोंडात तसाच राहिला. त्यांना कारण माहीत होतं. चढावर गाडी तिरकी झाली की कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, इंजिनला कधी फार मिळतं तर कधी मिळतच नाही. वर हवा विरळ, त्यात ते आणखी गुदमरतं. कितीही फुंका, कितीही स्क्रू फिरवा, वाटी तिरकी होणारच. पुढचे कित्येक दिवस त्यांना डोळे मिटले की ती गाडी हातभर मागे सरकताना दिसायची. आणि स्वप्नातला हात फार लांब असतो.

शेजारच्या दुकानात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक चाळिशीतला माणूस होता. त्याला सगळे वायर म्हणत, आणि तो होताही तसाच, बारीक, लांब, सदा कुठेतरी अडकलेला. त्याने उपाय सांगितला. "काका, वाटीच काढून टाका. इंजेक्शन बसवू. मोडीतल्या नव्या गाडीचा संच मिळेल, कॉम्प्युटरसकट. गाडी तिरकी असो, उलटी असो, पेट्रोल मोजूनच जाणार. फक्त एक वाईट होईल."

"काय?"

"तुमची फुंकर रिटायर होईल."

तीन आठवडे दोघे त्या व्हॅनला चिकटून होते. वायरने तारा ओढल्या, कॉम्प्युटरचा डबा बसवला. मिस्त्रींनी पेट्रोलची बाजू सांभाळली. टाकीजवळ विजेवर चालणारा नवा पंप लावला, त्यापुढे नवी गाळणी, पुढे जुनी लोखंडी नळी तपासून, साफ करून घेतली, इंजिनपाशी नवे जाड पाइप लावले, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी टाकली. नव्या पंपाचा दाब वायरने मापकावर दाखवला, तेव्हा मिस्त्री दोन पावलं मागे सरकले. गाडीच्या टायरात भरतात त्याच्या जवळजवळ दीडपट. कार्बुरेटरला इतकी वर्षं जेमतेम ठिबकणारं पेट्रोल लागायचं. हे तर पिचकारीतलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी गाडी सुरू झाली आणि न खोकता चालली. चालकासमोरच्या फळीवरचा एक दिवा तेवढा विझेना, त्याच्यामागे दोघे लागले. दिवा विझला तेव्हा वायर म्हणाला, "झाली काका गाडी." आणि मिस्त्री दमून म्हणाले, "झाली." डब्यातले तुकडे सकाळी मोजू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सकाळी ते अंघोळ करून शेडमध्ये आले तर गाडी नव्हती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली चार म्हातारी माणसं आज वर सोडायची आहेत, हे सून कालच म्हणाली होती. किल्ली खिळ्याला होती, ती घेऊन गेली. 'झाली' म्हणाले होते ना ते.

त्यांनी डबा उपडा केला आणि सवयीने मोजायला बसले. काढायचे पाइप सहा. तुकडे बारा. हातात आले दहा.

त्यांनी पुन्हा मोजले. मग डब्यात हात घालून तळ चाचपला, बाकाखाली पाहिलं, वाळूच्या बादल्या हलवल्या. दहाच. मग त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तुकड्याला तुकडा लावून पाइप पुन्हा जोडायला घेतले, गाडीत असतात त्याच क्रमाने, पुढून मागे. इंजिनजवळचा वाकडा, तो होता. तेलाने चकाकणारा, तोही होता. जुन्या पंपाचे दोन, होते. टाकीतून निघणारा, होता. त्याच्या अलीकडची जागा वर्तमानपत्रावर कोरी राहिली. गाळणी आणि लोखंडी नळी यांच्यामधला तो वीतभर पाइप.

तो पाइप त्यांनी काढलाच नव्हता. गाळणी बदलली, आणि पाइपचं टोक जुन्या गाळणीवरून काढून नव्या गाळणीवर चढवलं, त्याच जुन्या तारेच्या कड्यासकट. हाताला काहीच खटकलं नव्हतं. का खटकावं? चाळीस वर्षं तो पाइप ओढीचा होता. पंप पुढे इंजिनवर असायचा आणि मागून पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढीच्या पाइपला कधी दाब माहीतच नाही. त्याला चीर गेली तर गाडी हवा ओढून बंद पडायची, एवढंच. मागच्या पाइपने कोणाचं वाईट केल्याचं त्यांच्या हाताला आठवत नव्हतं. पण आता पंप मागे आला होता. आता तो पाइप ओढीचा राहिला नव्हता. सगळा दाब पहिल्यांदा त्याच्याच अंगावर होता. थंड असताना, शेडमध्ये अर्धा तास, त्याने धरलं. घाटात गाडी तापली की रबर मऊ पडणार. आणि धुराड्याची नळी तिथून हातभर अंतरावर.

"अहो, चहा गार होतोय," बायको दारातून म्हणाली.

"ती किती वाजता गेली?"

"पाऊण तास झाला असेल. का?"

मिस्त्रींनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना सून फोन पिशवीत टाकायची, आणि तेही त्यांनीच तिला शिकवलं होतं. दुसऱ्यांदा लावला तर फोन संपर्काबाहेर. म्हणजे घाट लागला.

बायको जवळ आली, वर्तमानपत्रावरच्या तुकड्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. "तुम्हाला भीती रोजच वाटते," ती म्हणाली. "आजची खरी आहे का?"

"आजची खरी आहे."

ती आत गेली आणि त्यांचे बूट घेऊन आली.

वायर दुकानाचं शटर अर्धं वर करून तसाच स्कूटरवर बसला. मिस्त्री मागे. खिशात गुंडाळलेला दोन हात लांब नवा पाइप, स्क्रूची चार कडी, पाना, पक्कड, आणि कमरेला ओला फडका. स्कूटरवर मागे बसायलाही मिस्त्री एरवी घाबरायचे. आज त्यांना स्कूटर सावकाश चाललीय असं वाटत होतं.

"काका, माझी बरगडी सोडा," वायर म्हणाला. "तिच्यावर मी जगतो."

मिस्त्रींनी पकड ढिली केली आणि पुढच्या वळणावर पुन्हा घट्ट केली.

"दवाखान्यात फोन करायचा का? ते कोणाला तरी सांगतील."

"कोणाला सांगतील? ती रस्त्यावर आहे. मध्ये एकच पाण्याची टाकी आहे, तिथे माणूस नाही की काही नाही."

वायरने पुढच्या वळणाला स्कूटर घातली. मग म्हणाला, "मीही बघायला हवं होतं."

"तू तारा बघायच्या. पेट्रोल माझं."

तिसऱ्या वळणावर मिस्त्रींना वास आला. असं वाटलं, मग नाही वाटलं. त्यांची बोटं तशीही पेट्रोलच्या वासाची, त्यांनी हात मागे नेला, नाक पुढे केलं, आणि वास गेला. पाचव्या वळणाच्या पुढे रस्त्यावर डाग दिसले. थेंब थेंब, ओळीने, मधूनमधून तुटलेली ओळ. कोणाच्या पाण्याच्या डब्याचे असतील, कोणाच्या तेलाचे असतील. त्यांनी वायरला थांबायला सांगितलं नाही. थांबून बोट लावून वास घेतला असता, तर जे कळलं असतं ते कळून पुढे जायचं त्यांच्यात बळ नव्हतं. त्या चार माणसांच्या एकेका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसरा डोळा आधीच अधू. गाडीला काही झालं तर त्यांना दरवाजा कुठे आहे हेही चाचपून शोधावं लागलं असतं. मिस्त्रींच्या डोक्यात ती माणसं पुन्हा पुन्हा दरवाजा चाचपत होती, आणि दरवेळी त्यांना खिडकीच सापडत होती.

सहाव्या वळणानंतर रस्ता जरा रुंद होतो. तिथे पाण्याची टाकी आहे आणि गाड्या थंड करायला लोक थांबतात. व्हॅन तिथे उभी होती.

इंजिन बंद होतं. दोन म्हातारी माणसं आत बसली होती, एक म्हातारी दरवाज्यात पाय बाहेर सोडून बसली होती, आणि डोळ्यावर पट्टी असलेला एक म्हातारा मागच्या चाकाशेजारी उभा राहून खिसे चाचपत होता. त्याच्या ओठात सिगारेट होती. सून चालकाच्या जागेवर चढत होती.

स्कूटर थांबायच्या आधी मिस्त्री उतरले, एका गुडघ्यावर पडले, उठले, आणि खिडकीतून हात आत घालून त्यांनी किल्लीवर पंजा ठेवला.

"फिरवू नकोस."

"बाबा? तुम्ही इथे कुठे?"

"किल्ली फिरवलीस की पंप चालतो. फिरवू नकोस. सगळ्यांना उतरव."

मागे वायरने त्या म्हाताऱ्याच्या ओठातली सिगारेट अलगद काढून घेतली होती. "काडी आहे का रे तुझ्याकडे?" म्हातारा विचारत होता. "आजोबा, काडी नाही, पण हात आहे. धरा आणि चला माझ्याबरोबर वर."

चौघांना एकेक करून, हात धरून, रस्त्याच्या वरच्या अंगाला नेलं. वीस पावलं, मग मिस्त्री म्हणाले अजून दहा. दरवाज्यात बसलेली म्हातारी सगळ्यात शेवटी उतरली. "मी कधीची सांगतेय, वास येतोय," ती म्हणाली. "ही म्हणते, आजी, माझ्या सासऱ्यांनी केलीय गाडी, त्या गाडीला वास असूच शकत नाही. मला मळमळलं तेव्हा कुठे थांबली."

सुनेने मिस्त्रींकडे पाहिलं नाही.

वायरने बॅटरीची तार सोडली. मिस्त्री गाडीखाली आडवे झाले. गाळणीच्या पुढे तो वीतभर पाइप होता, मधोमध फुगून बोटभर जाड झालेला, आणि जुन्या तारेच्या कड्यापाशी ओला. तिथून एक थेंब तयार होत होता. लोंबला, पडला. दुसरा तयार व्हायला लागला. शेजारी धुराड्याची नळी होती आणि तिच्यावरची हवा अजून हलत होती.

"निवू दे," ते बाहेर येऊन म्हणाले. "अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही."

तो अर्धा तास सगळे रस्त्याच्या वरच्या अंगाला ओळीने बसून राहिले. खालून आलेल्या एका गाडीला वायरने हात हलवून लांबूनच पुढे घालवलं. मग तो सुनेला म्हणाला, "वहिनी, हल्ली पाइपच असले येतात बघा. नवे म्हणून देतात आणि..."

"नवा नाही तो," मिस्त्री म्हणाले. "जुनाच आहे. मी बदलला नाही. राहून गेला. तुकडे न मोजता मी गाडी झाली म्हणालो."

सून गवताची काडी मोडत होती. तिने तिचे चार तुकडे केले. "फुटला असता का?"

"असता."

"कधी?"

"ते मला सांगता येणार नाही."

तिने काडीचे तुकडे हातातून झटकले.

धुराडं हाताला सोसेल इतकं निवलं तेव्हा ते पुन्हा खाली गेले. गाडी बंद असली तरी पाइपात दाब तसाच धरून असतो, कडं सैल केलं की पेट्रोल उडतं. ओला फडका गुंडाळून, हळूहळू सोडायचं. त्यांना सगळं माहीत होतं. पण कड्यावर पक्कड धरली तर ती कड्यावर टिकटिक वाजू लागली. लोखंडावर लोखंड. ठिणगीच्या विचाराने त्यांनी पक्कड लांब केली. पुन्हा धरली, पुन्हा तेच. हात थांबेना.

गाडीखाली शेजारी कोणीतरी सरकत आलं. सून होती, पदर खोचून, पाठीवर.

"द्या इकडे. मला सांगा, मी करते."

"तू नको. चेहरा तिकडे कर आधी."

"केला. आता सांगा. थरथरणाऱ्या हातांना सुया टोचण्यात माझा जन्म गेला, बाबा, पण माझा स्वतःचा हात थरथरत नाही."

त्यांनी सांगितलं आणि तिने केलं. फडका दोनदा गुंडाळला, कडं केसभर सोडलं, फस्स आवाज आला, फडका थंड पडला, तिने मनगट हलवलं नाही. जुना पाइप निघाला. नवा कापून दोन्हीकडे स्क्रूची कडी आवळली. मिस्त्रींनी प्रत्येक कड्याला बोट लावून पाहिलं, मग तिला लावायला सांगितलं, मग वायरला खाली बोलावून त्यालाही. जुना पाइप त्यांनी तिथेच रस्त्यावर बसून मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे खिशात टाकले.

तार जोडली. सगळे लांब असताना मिस्त्रींनी स्वतः किल्ली फिरवली, पंप गुणगुणला, थांबला. सून खाली वाकून पाहत होती. "कोरडं आहे," ती म्हणाली. इंजिन सुरू करून आणखी पाव तास तसंच ठेवलं. तरी कोरडं.

"चला," सून म्हणाली. "यांना घरी सोडायचंय." माणसं चढली. मिस्त्री स्कूटरकडे वळले तर तिने हाक मारली. "तुम्ही तिकडे नाही, बाबा. तुम्ही इथे. सगळ्यात मागे, टाकीच्या वरच्या बाकावर."

ते मुकाट्याने जाऊन बसले. खाली पेट्रोल होतं, हे त्यांना बाकाच्या पत्र्यातून जाणवत होतं. गाडी निघाली. त्यांनी नाक खिडकीपासून लांब, जमिनीकडे धरलं.

सातवं वळण आलं, तेच, जिथे गाडी मागे सरकली होती. गाडी तिरकी झाली, चढाला लागली, इंजिनचा आवाज जराही बदलला नाही. आरशातून सुनेचे डोळे मागे आले.

"बाबा?"

मिस्त्रींनी एकदा श्वास घेतला. खात्री वाटली नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतला.

"नाही," ते म्हणाले.

"मलापण नाही येत," शेजारची म्हातारी म्हणाली.

"पुढच्या वळणावर परत विचार," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले.